उतारवय आणि वाहनचालनाची पात्रता: रूढ समजुती व वस्तुस्थिती

ठरावीक वयानंतर वाहन चालवण्याचा परवाना आपोआप संपतो, अशी अनेकांची समजूत असते. परंतु भारतीय कायद्याने खासगी वाहनाच्या चालकासाठी कोणतीही कमाल वयोमर्यादा घातलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण दर वेळी पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर हे नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावे लागते, तर जपानमध्ये ७५ वर्षांपुढील चालकाला त्याआधी आकलनचाचणी, म्हणजे स्मृती व विचारशक्तीची तपासणी, द्यावी लागते. या तिन्ही देशांत वय हे तपासणीचे निमित्त आहे. अपात्रता मात्र वयावरून ठरत नाही.

दुसरा समज असा की, डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर सही केली म्हणजे पात्रता सिद्ध झाली. आपल्याकडील ‘नमुना १-अ’ या प्रमाणपत्रात दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते का, लाल व हिरवा रंग ओळखता येतो का, ऐकू कसे येते, हातपाय व सांधे धड आहेत का, यांवर भर असतो. लक्ष, स्मृती आणि निर्णयाचा वेग यांची स्वतंत्र चाचणी त्यात नाही, आणि उतारवयात नेमकी हीच उणीव गंभीर ठरते. दृष्टीचीही तपासणी अशाने पुरी होत नाही, कारण काचबिंदूत समोरची अक्षरे दीर्घकाळ स्पष्ट दिसत राहतात, पण दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर समोर स्थिर असताना कडेचे जेवढे दिसते तो विस्तार, हळूहळू आक्रसतो आणि डावीकडून घुसणारी दुचाकी उशिरा दिसते.

याउलट, एखाद्या कागदी चाचणीतील गुणांवरून परवाना काढून घ्यावा, असे मानणेही चूक आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत कागदावर विखुरलेल्या २५ वर्तुळांत १३ आकडे व १२ रोमन अक्षरे असतात आणि व्यक्तीला पेन न उचलता १ पासून ए, तेथून २, मग बी अशी आलटूनपालटून रेघ ओढत जावे लागते. एक क्रम मनात धरून दुसऱ्याकडे वळण्याची ही क्षमता चौकातही लागते, कारण तेथे सिग्नल, पादचारी आणि आरशातील रिक्षा यांच्यावर नजर फिरती ठेवावी लागते. ही रेघ पूर्ण करायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागल्यास अमेरिकी वृद्धवैद्यकाच्या मार्गदर्शिकेनुसार पुढील तपासणी करावी लागते. तेवढ्यावरून चालक अपात्र ठरत नाही. जी आजी रोमन लिपी कधी शिकलीच नाही, तिला ही चाचणी जशीच्या तशी देणे म्हणजे तिच्या शालेय शिक्षणाची परीक्षा घेण्यासारखे आहे आणि ते अन्यायाचे आहे. म्हणूनच शंका उरल्यास प्रशिक्षित परीक्षकाला शेजारी बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर घेतलेली चाचणी सर्वांत विश्वासार्ह मानली जाते; आपल्याकडे रहदारी डावीकडून चालत असल्याने, समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर जोखून उजवीकडे वळणे हा तिच्यातील कसोटीचा क्षण असतो.

वृद्ध चालकांच्या अपघाती मृत्यूंचे प्रमाण जास्त दिसते, ते केवळ त्यांच्या चुकांमुळे, असेही नाही. ठिसूळ हाडे व थकलेले हृदय यांमुळे तरुण ज्यातून वाचतो तोच आघात त्यांना प्राणघातक ठरतो.

चालकाला आपली मर्यादा स्वतःच उमगेल, हा समज बऱ्याच अंशी खरा आहे, कारण अनेक ज्येष्ठ आपणहून रात्रीचे व पावसातले वाहन चालवणे सोडतात. स्मृतिभ्रंशात मात्र स्वतःच्या उणिवेची जाणीवच हरपू शकते, म्हणून बंपरवर नव्याने पडलेले ओरखडे आणि रोजच्या रस्त्यावर चुकलेले वळण घरच्यांनी गांभीर्याने घेऊन डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. धारक आजारामुळे अपात्र असल्याचे मानण्यास सबळ कारण असेल, तर मुदत संपण्यापूर्वीही परवाना प्राधिकरण त्याच्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकते. वाहन चालवणे सुटल्यानंतर नैराश्याचा धोका वाढतो, असे संशोधनात आढळलेले असल्याने पर्यायाचा विचार या तपासणीतच व्हायला हवा. महाराष्ट्रात २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पण दवाखान्याच्या वेळेला गाडी आहे का, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला थांब्यापर्यंत कोण पोहोचवणार, हे प्रत्येक घराला वेगळे ठरवावे लागते.