जीवनसत्त्व ‘अ’ आणि अर्ध्यावर थांबणारा हायड्रोजन

नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर बाळाला जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस मिळतो, १ लाख युनिटचा. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. रातांधळेपणा आणि बुबुळ मऊ पडून येणारे अंधत्व टाळणारे हे औषध कारखान्यात तयार होते.

१९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश कंपनीत ऑटो इस्लर यांनी त्याची कृत्रिम निर्मिती साधली. त्या पद्धतीत मधल्या एका रेणूतील तिहेरी बंध दुहेरी करावा लागतो. द्रावकात रेणू विरघळवायचा, पॅलेडियम घालायचे, हायड्रोजन सोडायचा. अडचण अशी, की हायड्रोजन तिथेच थांबत नाही. दुहेरी बंधही एकेरी करून टाकतो. दृष्टीला लागणारी दुहेरी बंधांची साखळीच मग तुटते.

त्याच कंपनीतील हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. कॅल्शियम कार्बोनेटवर, म्हणजे खडूवरच म्हणा ना, पॅलेडियम बसवून त्याला मुद्दाम शिशाचे ‘विष’ दिले. जोडीला थोडे क्विनोलिन. धातूचा जोर कमी होतो. तिहेरी बंध त्याला घट्ट चिकटतो, दुहेरी झाला की सुटून द्रवात परततो. तरीही शोषला जाणारा हायड्रोजन मोजत राहावे लागते आणि वेळीच बंद करावा लागतो.

मुलांच्या औषधाच्या वाटेवर शिसे? शंका रास्तच आहे. ही भुकटी द्रवात विरघळत नाही. ती गाळून काढतात, नंतर शुद्धीकरण होते. शिसेविरहित उत्प्रेरकांवरही संशोधन चालू आहे, आणि ते व्हायलाच हवे.

पालकांनी मात्र हा डोस आपल्या मनाने वाढवू नये. जीवनसत्त्व ‘अ’ यकृतात साठते. जास्त झाल्यास उलट्या होतात, तान्ह्या बाळाची टाळू फुगते.