सॉफ्टवेअरमधील बिघाड : जबाबदारी कोणाची?

मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत सामान्यतः दोन टप्प्यांतून जाते. मूळ विकसक ते लिहितात. त्यानंतर देखभालकर्ते त्यात आवश्यक ते फेरफार करून त्याचे पॅकेज तयार करतात व लिनक्सवर आधारलेल्या एखाद्या वितरणात ते समाविष्ट करतात. या दोन टप्प्यांच्या सांध्यावर बिघाड झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न डेबियन या वितरणातील एका घटनेने ठळकपणे पुढे आणला.

दोन ओळींचे प्रकरण

ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर गुप्त संदेशवहनासाठी लागणाऱ्या किल्ल्या, म्हणजेच फार मोठ्या संख्या, तयार करते. या संख्यांचा अंदाज कोणासही बांधता येऊ नये, यावरच सारी सुरक्षितता अवलंबून असते. दोष शोधणाऱ्या एका साधनाने यातील दोन ओळींमुळे इशारे दिले, तेव्हा मे २००६ मध्ये डेबियनच्या देखभालकर्त्याने त्या वगळण्याविषयी मूळ विकसकांकडे विचारणा केली. दोष शोधण्यास मदत होत असेल तर वगळण्यास हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. मात्र हा बदल असंख्य वापरकर्त्यांपर्यंत जाणार आहे, हे विचारणेत स्पष्ट नव्हते. आणि उत्तर देणाऱ्यानेही त्याची चौकशी केली नाही. प्रत्यक्ष केलेला बदल तपासणीसाठी मूळ विकसकांकडे गेलाच नाही.

वगळलेल्या ओळींपैकी एक संख्यांत अनिश्चितता मिसळणारी मुख्य ओळ होती. ती गेल्यामुळे केवळ प्रक्रिया क्रमांकाचाच फरक शिल्लक राहिला आणि त्याची मूल्ये जास्तीत जास्त ३२,७६८ होती. साहजिकच एका प्रकारच्या संगणकावर, ठराविक लांबीच्या किल्ल्याही जवळपास तेवढ्याच संभवत. त्या एकेक करून पडताळणे संगणकाला मुळीच अवघड नव्हते.

सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनमध्ये शिरलेला हा दोष लुचियानो बेलो यांनी शोधला व १३ मे २००८ रोजी तो जाहीर करण्यात आला. सुधारित पॅकेज तत्काळ देण्यात आले. परंतु आधी तयार झालेल्या किल्ल्या त्याने सुधारणार नव्हत्या. त्या रद्द करून नव्या कराव्या लागल्या. अशा किल्ल्या ज्या अन्य प्रणालींवर नेल्या होत्या, त्यांनाही हा धोका होता.

कर्तव्यांची वाटणी

केलेल्या सुधारणा मूळ लेखकांना कळविण्याचे अभिवचन डेबियनच्या १९९७ च्या सामाजिक करारातच आहे. देखभालकर्त्याने स्थानिक फेरफार कमीत कमी ठेवावेत, त्यांची स्वतंत्र नोंद करावी व ते मुळाकडे पाठवावेत, हे त्यातून ओघानेच येते. मूळ विकसकांनीही नाजूक ओळींचे प्रयोजन तेथेच लिहून ठेवावे आणि सुरक्षिततेविषयीच्या विचारणा कोठे कराव्यात, हे स्पष्टपणे सांगावे.

बदल करणाऱ्याने उत्तर मिळताच आपले काम संपले असे मानले आणि उत्तर देणाऱ्याने बदल आपला नाही असे मानले, तर त्यामधील जागा कोणाच्याच देखरेखीखाली राहत नाही. ती जागा दोघांचीही आहे, हे मान्य करण्यातच वापरकर्त्याचे खरे संरक्षण आहे.