संशोधनाची वाट गावापर्यंत

पावसाळा बरा जातो, ओढे-नाले वाहतात, तरीही फेब्रुवारी उजाडताच विहिरी तळ गाठतात आणि टँकरची मागणी तहसील कचेरीत दाखल होते. असे का होते, हा प्रश्न महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागातील अनेक ग्रामसभांत विचारला जातो. तालुक्याच्या गावी जाणारी एस. टी. सोयीच्या वेळी का नाही, दुसरीतल्या मुलाला वाचता का येत नाही, शहराच्या हद्दीलगत वाढणाऱ्या वस्तीच्या गरजांचा अंदाज कोणी करावयाचा, हे प्रश्नही त्याच जातीचे आहेत. वरवर पाहता ते प्रशासनाचे प्रश्न वाटतात. वस्तुतः त्यांतील प्रत्येक प्रश्न संशोधनाचाही विषय आहे आणि उच्च शिक्षण संस्थांनी अशा विषयांवर काम करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मात्र हे संशोधन ज्यांच्याविषयी केले जाते त्यांच्यापर्यंत ते कितपत पोहोचते, यावरच त्याचा उपयोग ठरतो.

बाजार, मोटार आणि शहर

पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासाला प्रत्यक्ष पाहणीची जोड दिली. संस्थेचे पहिले प्रकाशन १९३३ सालचे. त्याचा विषय होता पुण्यातील फळांची विक्रीव्यवस्था. १९३५ साली गाडगीळ व गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. त्या काळी खाजगी मोटारी एकाच मार्गावर परस्परांशी चढाओढ करीत. अशा वाहतुकीत गाडीमालकाला काय सुटते आणि उतारूची सोय कितपत होते, हे नुसत्या तर्काने कळणारे नव्हते. त्यासाठी मार्गावरच जाऊन माहिती गोळा करावी लागे. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. ग्रामीण प्रवासी वाहतूक हा सार्वजनिक व्यवस्थेचा विषय आहे हे तेव्हा मान्य झाले. पण तिच्या अभ्यासाला त्यापूर्वीच आरंभ झाला होता.

याच संस्थेने पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्यावर न थांबता संस्थेने शहराची फेरपाहणी केली आणि सोवनी, आपटे व पेंडसे यांनी लिहिलेला तिचा वृत्तांत १९५६ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात महायुद्ध झाले होते, देश स्वतंत्र झाला होता आणि शहरातील रोजगाराचे स्वरूपही पालटत होते. एकदाच केलेली पाहणी त्या वेळची स्थिती सांगते. तीच पाहणी ठरावीक काळाने पुन्हा केली म्हणजे बदलाची दिशा कळते. नगरपालिकांना आणि वाढत्या मोठ्या गावांच्या पंचायतींना विकासाचे आराखडे करताना या दुसऱ्या प्रकारच्या माहितीची अधिक गरज असते.

पाण्याचा जमाखर्च

तंत्रविज्ञानाच्या क्षेत्रातही असाच प्रयत्न झाला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे ‘सितारा’ हे केंद्र सुरू झाले. २००७ पासून तेथे तंत्रज्ञान व विकास या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला जातो. नळपाणी योजना, सिंचन, चूल, इंधन हे या केंद्राच्या अभ्यासाचे विषय होत. विद्यार्थी प्रत्यक्ष गावांत जाऊन योजनांची पाहणी करतात.

अशा अभ्यासातून कोणते ज्ञान हाती येते, हे आरंभीच्या विहिरीच्या प्रश्नावरून समजून घेता येईल. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टर जमिनीवर पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी मिळते. एक हजार हेक्टर क्षेत्राच्या गावात वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर शिवारावर एकूण ५०० कोटी लिटर पाणी पडते. गावाची लोकसंख्या दोन हजार धरली आणि जलजीवन मिशनने ठरविल्याप्रमाणे माणशी दररोज ५५ लिटर पाणी दिले, तर वर्षाची घरगुती गरज सुमारे चार कोटी लिटर होते. म्हणजे पडलेल्या पावसाच्या शंभरातला एक भागही घरांना लागत नाही. तरीही टँकर का लागतो?

याचे उत्तर जमाखर्चाच्या उरलेल्या बाबींत आहे. पावसाचा काही भाग ओढ्याने वाहून जातो. बराच भाग मातीत ओलाव्याच्या रूपाने राहतो आणि पिके, गवत व झाडे यांच्या वाटे, तसेच उन्हाने, हवेत परत जातो. उरलेला थोडा भाग खाली मुरतो. दख्खनच्या पठाराखालील काळा पाषाण पाण्याचा मोठा साठा करू शकत नाही. भेगा आणि झिजलेल्या थरांत जेवढे मावेल तेवढेच पाणी राहते. या लहान साठ्यातूनच पिण्याचे पाणी आणि रब्बी व उन्हाळी पिकांचे पाणी उपसले जाते. उसासारख्या पिकाला वर्षभरात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. त्यातील काही भाग पाऊस भागवितो. परंतु एकूण गरज पाहिली तर दोन हेक्टर उसाला लागणारे पाणी हे दोन हजार लोकांच्या गावाच्या वर्षाच्या घरगुती वापराएवढे भरते. हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला गेला, तर नवी विहीर खोदण्यापूर्वी जुन्या विहिरीवरील उपशाचा विचार करणे भाग पडते. पंप कोणाचा आणि पाणी कोणाचे, हा अवघड प्रश्न मग टाळता येत नाही. आकडे त्याचा निवाडा करीत नाहीत. पण चर्चेला पाया देतात.

राज्यातील नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावांचे सूक्ष्म नियोजन करताना पाण्याचा असा ताळेबंद मांडण्यात आला. त्याची पद्धती तयार करण्यात पवईच्या संस्थेचा सहभाग होता. तसेच २०१६ मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू करून अभियांत्रिकी महाविद्यालयांना जिल्हा प्रशासनाच्या गरजेनुसार असे अभ्यास करण्याचा मार्ग खुला केला.

घरची बोली आणि शाळेची पाटी

भाषा शिकविण्याचा प्रश्न पाण्याइतका डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याचे परिणाम आयुष्यभर टिकतात. ज्या मुलाच्या घरी ‘पानी’ आणि ‘न्हाई’ म्हणतात, त्याला पहिल्याच दिवशी आपले बोलणे अशुद्ध असल्याचे कळले की ते वर्गात बोलेनासे होते. बोलणे थांबले की वाचनाची गोडीही लागत नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने बोली ही बिघडलेली भाषा नव्हे. तिला स्वतःचे नियम असतात. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६० च्या दशकात प्रसिद्ध करण्यास आरंभ केलेल्या, डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोलीविषयक ग्रंथमालेत कुडाळी, वारली अशा बोलींची पद्धतशीर नोंद झाली आहे.

अशा अभ्यासाची परिणती शाळेत कशी होऊ शकते, याचे उदाहरण फलटण येथे आढळते. मूळच्या अमेरिकेतील भाषाभ्यासक डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील भेदांवर प्रबंध लिहून १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर त्यांनी फलटणलाच कार्यक्षेत्र मानले आणि तेथे प्रगत शिक्षण संस्थेची उभारणी केली. ज्या गावाने संशोधनाला विषय पुरविला, त्याच गावातील मुलांच्या शिक्षणासाठी त्या ज्ञानाचा विनियोग झाला.

आरंभीच्या वाचनाचा प्रश्नही आकड्यांत मांडता येतो. मराठीतील सुमारे ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली, तर चारशेहून अधिक अक्षररूपे होतात. ती सर्व पाठ होईपर्यंत मुलाला अर्थपूर्ण शब्द न देणे म्हणजे त्याची उमेद खचविणे होय. याउलट क, म, ल ही तीन अक्षरे आणि एक काना एवढे शिकविले, तरी मूल ‘काका’, ‘मामा’, ‘काम’, ‘मका’, ‘लाल’ हे शब्द स्वतः वाचू शकते. वाचन म्हणजे अर्थ लावणे, हा अनुभव त्याला पहिल्याच आठवड्यात येतो. प्रमाण भाषा त्याने पुढे अवश्य शिकावी. पण तिच्याकडे जाणारा रस्ता घरच्या बोलीतूनच जावा.

पंचायतींनी काय करावे

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. उपयुक्त संशोधनाचा आरंभ बाजारात, मोटारस्थानकावर, विहिरीच्या काठावर आणि वर्गात झाला. मात्र अहवाल पुष्कळदा इंग्रजीत लिहिले जातात, ग्रंथालयात जातात, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांच्या दृष्टीस ते पडत नाहीत. ही उणीव दूर करण्याचे काम केवळ विद्यापीठांवर सोपवून चालणार नाही.

पंचायतीने प्रथम आपला प्रश्न नेमका मांडावा. ‘पाणी नाही’ यापेक्षा ‘अमुक विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते’ हा प्रश्न अभ्यासकाला अधिक उपयोगी पडतो. पर्जन्यमान, विहिरींची पातळी, शाळेतील उपस्थिती आणि एस. टी. च्या फेऱ्या यांच्या नोंदी गावातच नियमित ठेवल्यास अभ्यासाचा निम्मा पाया तयार होतो. शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली हे काम विद्यार्थीही करू शकतील. पाहणीसाठी येणाऱ्या महाविद्यालयाकडून निष्कर्षांचा मराठी गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखविण्याचे वचन आधीच घ्यावे. काही वर्षांनी तीच मोजणी पुन्हा करावी आणि घेतलेला निर्णय योग्य ठरला की नाही, हे पाहावे. गावाने दिलेली माहिती गावाच्या भाषेत गावाला परत मिळाली, म्हणजे संशोधन आणि विकास यांमधील अंतर खऱ्या अर्थाने कमी होऊ लागेल.