सरहद्दीपलीकडची जुनी मोटार

बल्लारपूरजवळ वर्धा नदी ओलांडली की राजुरा तालुका लागतो, आणि त्या पुलावरून जाणाऱ्या आजच्या मोटारचालकास आपण कधीकाळी एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत गेलो असतो अशी पुसटशी शंकाही येत नाही. परंतु १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा तालुका हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता, आणि निजामी अमलात तर नदीच्या पैलतीरावर कायदा निराळा, नाणे निराळे आणि जकातही निराळी होती. ती सरहद्द पुढे सरकली, नाहीशी झाली नाही. प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती यांच्या पलीकडे आज तेलंगण व छत्तीसगड ही राज्ये आहेत; आणि त्या बाजूस नोंदलेली जुनी मोटार विकत घेऊन चंद्रपूर वा गडचिरोली जिल्ह्यात कायमची आणणे ही, रुपया आणि संविधान एकच असले तरी, मोटार-कायद्याच्या दृष्टीने एक लहानशी आयातच असते.

या व्यवहाराची निकड या भागात इतरत्रापेक्षा अधिक आहे. सिरोंच्याच्या माणसास जिल्ह्याचे ठाणे सुमारे दोनशे किलोमीटर दूर, तर गोदावरीचा पूल ओलांडला की कालेश्वरम अगदी समोर. साहजिकच त्याची बाजारपेठ, त्याचा दवाखाना आणि त्याचा मोटारीचा सौदा हे सारे पलीकडच्या अंगाला झुकलेले असते. इकडे चंद्रपुरास कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक वीजकेंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, अशा ठिकाणी परप्रांतांतून बदलून आलेली मंडळी आपल्या मोटारी बरोबर आणतात आणि पुढची बदली झाली की येथेच विकून जातात. भामरागड-एटापल्लीच्या कुटुंबाने चार जणांकडून उसनवार करून घेतलेली जुनी जीप ही चैनीची वस्तू नसते. बाळंतपणाची वेळ, सर्पदंश, धानाची पोती आणि शाळेची पोरे या सर्वांचा भार तीच वाहते. म्हणून अशा खरेदीत झालेली फसवणूक मला साध्या तोट्यापेक्षा फार गंभीर वाटते.

परराज्यातील गाडी स्वस्त मिळते, यात गूढ काही नाही. खासगी मोटारीचा कर बहुतेक राज्ये एकरकमी, दीर्घ मुदतीसाठी वसूल करतात. गाडी राज्य बदलते तेव्हा नव्या राज्याचा कर गाडीच्या वयाप्रमाणे घटवून पुन्हा भरावा लागतो, आणि हा भावी खर्च विकणारा आधीच किमतीतून वजा करून बसलेला असतो. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेली बंदी हेही तिकडच्या गाड्यांचा भाव कोसळण्याचे एक मोठे कारण ठरले. तेव्हा स्वस्ताई खरी किती, हे कर, विमा, नवी पाटी आणि हेलपाटे यांची बेरीज केल्यावाचून सांगता येत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ४७व्या कलमाने एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिले तर त्याला तेथील नवा क्रमांक घेणे बंधनकारक केले आहे. म्हणजे आदिलाबादेची जुनी एपी-०१ वा राजनांदगावची सीजी-०८ ही पाटी उतरून गडचिरोलीत एमएच-३३ आणि चंद्रपुरात एमएच-३४ लागली पाहिजे. त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, जो अठ्ठावीस क्रमांकाच्या नमुन्यावर चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप जोडून मागावा लागतो. गाडी चोरीची नाही, तिच्यावर दंडाची थकबाकी नाही आणि कर भरलेला आहे, याची छाननी त्या निमित्ताने होते. कर्जाऊ गाडी असेल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा असतो. तो उतरल्याचा पस्तीस क्रमांकाचा नमुना व बँकेचे पत्र हाती येईपर्यंत, विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी, ती गाडी पूर्णपणे त्याची नाही असेच समजावे.

यापुढचा टप्पा मालकीच्या हस्तांतराचा, आणि सर्वाधिक नुकसान येथेच होते. एकोणतीस व तीस क्रमांकांच्या कोऱ्या नमुन्यांवर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन, किल्ली आणि आरसी बुक हवाली करून, शंभर रुपयांच्या स्टँप पेपरावर नोटरीचा शिक्का मारला की सौदा पुरा झाला, अशी समजूत खेड्यापाड्यांतून दृढ आहे. दलालाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची, कारण तेच कोरे नमुने पुढच्या गिऱ्हाइकाला देता येतात आणि गाडी तीन-चार हातांतून फिरली तरी दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहते. कायदा मात्र दप्तर पाहतो. विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची खबर चौदा दिवसांत आणि परराज्यातील विक्रीची पंचेचाळीस दिवसांत द्यावी, घेणाऱ्याने तीस दिवसांत आपले नाव लावून घ्यावे, असे ५०वे कलम सांगते; आणि गाडी अनेक हातांतून गेल्यानंतर झालेल्या एका अपघाताच्या खटल्यात, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच नुकसानभरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. बदलून गेलेल्या नोकरदाराने चंद्रपुरात विकलेल्या मोटारीने पुढे कोणाचा जीव घेतला, तर समन्स त्याच्याच घरी येते. आणि ज्याने गाडी घेतली त्याला आपल्याच गाडीचा विम्याचा पैसा मागण्यास कागद नसतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेण्याचा आणि ताब्यात घेतलेल्या गाडीची खबर देण्याचा नियम झाला आहे. तालुक्याच्या गावी दलालाला ते अधिकारपत्र दाखवण्यास सांगणारे गिऱ्हाईक अद्याप विरळा, आणि म्हणूनच ते विचारणे अगत्याचे आहे.

कागदाइतकीच गाडीही बोलते. २०२० सालच्या ऑक्टोबरात हैदराबाद शहरात पाणी शिरले तेव्हा कितीतरी मोटारी बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली जाणे हा या धंद्यातील जुना प्रकार आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा; त्याच्या आतल्या टोकाशी गाळाची रेघ, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आणि गालिचाखाली कुबट वास असेल तर पुढे बोलणीच करू नयेत. घुग्गुस वा दुर्गापूरच्या खाणपट्ट्यात कंत्राटावर धावलेल्या जीपचे एअर फिल्टर, पाटे आणि क्लच भरवशाच्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत, कारण कोळशाची भुकटी आणि अवजड ट्रकांनी खचलेले रस्ते ही गाडीचे आयुष्य मीटरवरच्या आकड्यापेक्षा झपाट्याने संपवतात.

परदेशस्थ मराठी मंडळींना तिकडची वापरलेली मोटार मायदेशी आणण्याचा मोह होतो, त्यांनी तो आवरावा हेच बरे. तीन वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही, चक्र उजव्या बाजूस हवे आणि शुल्क इतके जबर असते की त्या पैशात येथे नवी गाडी यावी. जपानी जुन्या मोटारींवर चालणाऱ्या केनियासारख्या देशात आठ वर्षांपर्यंतची गाडी चालते. आपल्या शासनाने देशी कारखानदारीच्या रक्षणासाठी हे दार जवळजवळ बंदच ठेवले आहे.

सिरोंचा आणि भामरागड येथे परिवहन अधिकाऱ्यांनी ठरलेल्या तारखांस शिबिरे भरवून नव्या क्रमांकासाठीची तपासणी तेथेच करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जंगलातील माणसाला एका तपासणीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते, आणि मग तो परराज्याची पाटी तशीच चालवत राहतो. तोवर घेणाऱ्याने बयाणा थोडा द्यावा, ना-हरकत दाखला हाती आल्यावर दुसरा हप्ता आणि नाव लागल्यावर उरलेली रक्कम, असा करार लेखी करावा. मूळ राज्यात भरलेल्या कराचा न वापरलेला हिस्सा नव्या नोंदणीचा पुरावा दाखवून परत मागता येतो. त्यासाठी जुन्या करपावतीची प्रत सौद्याच्या वेळीच मागून घ्यावी, आणि परताव्याची रक्कम विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, हेही त्याच करारात नमूद करून ठेवावे.