केस लावण्याआधी डॉक्टर पारखा

उज्जैनहून इंदूर जेमतेम ५५ किलोमीटर, आणि केशरोपणाच्या पाट्या तिथे जागोजागी. पाटीवरच्या फोटोंपेक्षा एक विचारा: टाळूला चिरा कोण देणार, डॉक्टर की टेक्निशियन? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावलं, की हे काम प्लास्टिक सर्जनचं किंवा शस्त्रक्रियेचं पुरेसं प्रशिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाचं. यूट्यूब पाहून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. (हेही लेखी सांगावं लागलं!) डोक्यामागच्या केसांचा साठा मर्यादित, तिथून काढलेलं मूळ पुन्हा उगवत नाही. २०१९ मध्ये मुंबईत एकाच बैठकीत सुमारे ९,५०० मुळं लावून घेतलेला व्यावसायिक दोनेक दिवसांत दगावला. तेव्हा ‘एका दिवसात सगळं टक्कल भरतो’ म्हणणाऱ्याला आयसीयू किती लांब आहे, तेही विचारा.