सायकलीवरून दूरचा प्रवास : तयारी आणि हिशेब

सायकल ही वस्तु शहरांतील घरांत इतकी परिचयाची आहे कीं, तिच्याविषयीं कांहीं शिकावयाचें राहिलें आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. लहानपणीं एकदां तोल सांभाळतां आला कीं ती विद्या जन्मभर विसरत नाहीं असें म्हणतात, आणि तें खरेंही आहे. परंतु ज्याला तोल सांभाळतां येतो त्याला दहा दिवसांचा प्रवास झेपेलच, असें मात्र नाहीं. एका दिवसांत शंभर किलोमीटर जाणारे तरुण पुष्कळ आढळतात. तेच तरुण तिसऱ्या दिवशीं सकाळीं गुडघा धरून बसलेले, आणि सायकली टेम्पोंत चढवून घरीं परतलेलेही आढळतात. त्यांच्या अंगीं बळ कमी होतें असें नव्हे. पहिल्या दोन दिवसांत त्यांनीं तें सारें खर्चून टाकलें, इतकेंच. अनेक दिवसांच्या प्रवासांत आज किती अंतर तोडलें याला फारसें महत्त्व नाहीं. उद्यांसाठीं काय शिल्लक राहिलें, याला आहे. पूर्वतयारी म्हणजे या शिलकेचा आगाऊ हिशेब होय.

मुंबईकरांना हा विषय परका नाहीं. १९२३ सालीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीनें जगप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ सालीं परतले. फ्रान्समध्यें त्याच सुमारास पॉल द विवी (१८५३–१९३०) हा गृहस्थ 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें सायकलप्रवाशांचा गुरु मानला जात असे. त्यानें घालून दिलेले नियम आजही शिळे झालेले नाहींत. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें. पहिल्या कांहीं तासांत विशेषेंकरून स्वतःला आवरावें. आणि केवळ दिमाखासाठीं पायडल मारूं नये, असें तो सांगे. त्याची थकव्याविषयींची खूण तर फारच मार्मिक आहे. ज्या श्रमानें रात्रीं अन्नावरची वासना जाते आणि झोप उडते, तो श्रम मर्यादेबाहेरचा समजावा. ही एक खूण ज्याला कळली त्याला दुसऱ्या मापाची फारशी गरज पडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊन हिशेब पाहणें बरें. मुंबईहून कोकणच्या किनाऱ्यानें गोव्यास जाणें हा महाराष्ट्रांतील सायकलस्वारांचा आवडता मार्ग आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी वाहनवाहू बोट २०२० सालीं सुरू झाली. तिच्यांतून सायकल नेतां येते. पुढें अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, हर्णै, गुहागर, गणपतिपुळें, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं गांवें घेत पणजीपर्यंत अंतर पांचशें किलोमीटरांहून थोडें अधिक भरतें. नकाशावर पाहणारा म्हणेल, रोज शंभर किलोमीटर गेलें म्हणजे पांच दिवसांत काम झालें. हीच पहिली चूक होय. कोकणचा किनारा नकाशांत सरळ दिसतो, पण रस्ता सरळ नाहीं. प्रत्येक खाडीच्या कांठीं तो समुद्रसपाटीला येतो, आणि खाडी ओलांडतांच जांभ्या दगडाच्या सड्यावर शंभर-दीडशें मीटर चढतो. सडा संपतांच पुन्हां खालीं उतरतो.

या चढाचा हिशेब साधा आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरल्यास तें १०० मीटर वर नेण्यास सुमारे ८८,००० ज्यूल इतकें कार्य करावें लागतें. सराव असलेल्या साधारण प्रकृतीच्या माणसाचे पाय कांहीं तास सलग १०० वॅटच्या आसपास शक्ति देऊं शकतात. त्या मानानें केवळ उंची चढण्यासाठीं पंधरा मिनिटें लागतात. दिवसांत असे सहा चढ आले तर दीड तास तेथेंच गेला. सपाटीवर ताशीं १५ किलोमीटर वेग धरला तर ६० किलोमीटरांस चार तास. चढांचा दीड तास. जेवणाचा व विश्रांतीचा दीड तास. आणि फेरीबोटीची वाट पाहण्याचा एक तास. म्हणजे साठ किलोमीटरांतच आठ तास होतात. डिसेंबरांत या भागांत उजेड सुमारे अकरा तास असतो. उरलेले तीन तास पंक्चरसाठीं, चुकलेल्या वाटेसाठीं आणि एखाद्या निवांत देवळाच्या सावलीसाठीं राखावयाचे आहेत. ज्याच्या आराखड्यांत हे तीन तास नाहींत, त्याला अंधारांत अनोळखी घाट उतरण्याची पाळी येते, आणि तेथें संकट केवळ दमण्याचें राहत नाहीं. म्हणून या मार्गाला दहा दिवस द्यावे, आणि मध्यें, बहुधा गुहागरास, एक दिवस अगदीं कोरा ठेवावा.

फेरीबोटींची माहिती घरूनच काढून निघावें. आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून वेसवीस, दाभोळहून धोपाव्यास आणि तवसाळहून जयगडास अशा चार खाड्या बोटीनें ओलांडाव्या लागतात. दाभोळची बोट चुकली आणि दुसरी नसली, तर चिपळुणाकडून पडणारा वळसा एक सबंध दिवस खाऊन टाकतो. नांवांचाही घोटाळा सांभाळावा. मुरुड या नांवाचीं किनाऱ्यावर दोन गांवें आहेत. एक जंजिऱ्याजवळचें, दुसरें दापोलीजवळचें. मुक्काम एका मुरुडांत ठरवावा आणि स्वार संध्याकाळीं दुसऱ्यांत असावा, हें अशक्य नाहीं.

ऋतूचा विचार याच ओघांत येतो. पावसाळ्यांत निसरडे रस्ते आणि खवळलेला समुद्र यांमुळें हा प्रवास टाळावा. ऑक्टोबरचें ऊन सरल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून बहुतेक वायव्येचा वारा वाहतो. मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशीं असतो, येणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून जातांना सायकलीनें जावें, आणि येतांना सायकल सामानाच्या डब्यांत नोंदवून कोकण रेल्वेनें यावें, हें शहाणपणाचें.

सायकल भारी किंमतीची असावी लागते असें नाहीं. ती चढाला योग्य असावी लागते. पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दांते असलेली साधी सायकल पायडलाच्या एका फेऱ्यांत सुमारे ५.४ मीटर पुढें जाते. सपाटीवर हें ठीक. पण सामानासह चढावर गुडघ्यांना तें जड जातें. दोन्ही चक्रांस ३४ दांते येतील असा गिअर असल्यास एका फेऱ्यांत फक्त सुमारे २.१ मीटर अंतर पडतें. मग मिनिटाला साठ फेरे घालीत ताशीं साडेसात किलोमीटरांनीं संथपणें वर जातां येतें, आणि गुडघे शाबूत राहतात. उतरतांना चढाचा तोच खर्च उलट रूपानें भेटीस येतो. त्याचा बराच भाग ब्रेकांत उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून निघण्यापूर्वीं ब्रेकचे रबर व तारा नव्या घालाव्या, आणि उतारावर ब्रेक सतत दाबून न धरतां थांबून थांबून दाबावा.

सीटच्या उंचीकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. सीटवर बसून पायडल अगदीं खालीं असतांना त्यावर टांच ठेवली, तर पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यांत हवा तेवढा बांक आपोआप राहतो. सीट बोटभर खालीं असली तरी एका दिवसांत तें जाणवत नाहीं. पांचव्या दिवशीं मात्र गुडघा त्याची आठवण करून देतो. बसण्याच्या जागीं घर्षणानें होणारे फोड हेंही प्रवास मोडण्याचें मोठें कारण आहे. पुष्कळ सामान नको, पण गादी शिवलेल्या तुमानी दोन असाव्या, आणि वापरलेली रोज धुवावी.

एकंदर सामान आठ-दहा किलोंच्या वर जाऊं देऊं नये, आणि तें पाठीवर न घेतां कॅरियरच्या दोन्ही बाजूंस, खालच्या अंगाला बांधावें. दोन जादा ट्यूब, पंक्चरचें साहित्य, पंप, पाने, साखळीचा जोड, दोन-चार स्पोक, ब्रेकचे जादा रबर आणि चिकटपट्टी इतकी हत्यारें पुरतात. परंतु तीं वापरण्याची संवय घरच्या अंगणांत झालेली असावी. पंक्चर काढणें सड्यावरच्या उन्हांत शिकावयाचें नसतें.

अन्नपाण्याच्या बाबतींत व्हेलोसिओचा नियम आजचें शरीरशास्त्रही मान्य करतें. सतत पायडल मारतांना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय अथवा शर्करायुक्त अन्न पोटांत जावें. एका मध्यम केळ्यांत सुमारे २५ ग्रॅम मिळतें. तेव्हां तासाला दोन केळीं, किंवा एक केळें आणि गुळाच्या चिक्कीचा तुकडा, हें माप लक्षांत ठेवण्यास सोपें आहे. पाणी उन्हाच्या मानानें तासाला अर्धा ते एक लिटर. घामावाटे मीठही जातें, म्हणून नुसतें पाणी पुरत नाहीं. मीठ घातलेलें कोकमाचें सरबत किनाऱ्यावर गांवोगांव मिळतें. एखादा सोबती असंबद्ध बोलूं लागला, अडखळूं लागला किंवा उन्हांत त्याचें अंग तापून निघालें, तर तो आळस समजूं नये. त्याला ताबडतोब सावलींत निजवावें, अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. अशा वेळीं मुक्काम गांठण्याचा हट्ट प्राणावर बेततो.

सरावासाठीं सहा ते आठ आठवडे पुरतात. आठवड्याचें अंतर हळूहळू वाढवीत न्यावें. परंतु खरी परीक्षा अंतराची नसून लागोपाठच्या दिवसांची आहे. निघण्याच्या तीन आठवडे आधीं पुरें सामान बांधून मांडव्याहून मुरुडास, सुमारे ७० किलोमीटर जावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वाटेनें परत यावें. पहिला दिवस सर्वांनाच साधतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सीटवर बसतांना काय वाटतें, कोणती पिशवी खडखडते, कोण चिडतो आणि कोण मागें पडतो, हें त्या एका परतीच्या वाटेवर कळून येतें.

मागें पडणाऱ्याचाच वेग मंडळीचा वेग धरावा. बळकट गड्यानें पुढें धावून वाट पाहत बसावें, आणि दुबळ्यानें पोंचतांच त्यानें पुन्हां उठावें, अशी रीत पडली कीं ज्याला विश्रांति हवी त्याला ती कधींच मिळत नाहीं. हत्यारें, औषधें आणि खाणें वांटून घ्यावें, व त्यांत बळकटाचा वांटा अधिक ठेवावा. म्हणजे वेग आपोआप सारखा होतो. घरच्या माणसांशीं एक वेळ ठरवून त्याच वेळीं मुक्कामाचें गांव रोज कळवावें. प्रत्येकाच्या खिशांत नांव, रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेला कागद असावा. डोक्यावर शिरस्त्राण, मागें लाल दिवा, आणि मदतीसाठीं ११२ हा क्रमांक, या गोष्टी कधींही अनावश्यक मानूं नयेत.

मुलांनीं असा बेत घरांत मांडला म्हणजे वडील माणसांच्या मनांत काळजी उभी राहते, आणि ती निराधार नसते. नुसत्या निर्बंधानें ती काळजी दूर होत नाहीं. नुसत्या उत्साहाच्या बोलण्यानें तर मुळींच होत नाहीं. रोजचें अंतर, रोजचे चढ, बोटींच्या वेळा, मुक्काम आणि मध्यें सोडलेला कोरा दिवस यांचा तक्ता समोर ठेवला, म्हणजे बोलणें करण्यास कांहीं तरी आधार मिळतो. त्या तक्त्यांत प्रत्येक संध्याकाळीं थोडा उजेड आणि थोडें बळ शिल्लक दिसत असेल, तर परवानगी देण्यास हरकत नसावी. शिल्लक दिसत नसेल, तर बेत मोडण्याचें कारण नाहीं. त्यांत आणखी दोन दिवस घालावे, म्हणजे झालें.