नोंदवहीबाहेरचे ऋण

मराठी सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटचे कलम नेहमी आभारप्रदर्शनाचे असते. अध्यक्षांचे भाषण संपलेले असते, श्रोते सतरंजीवरून उठून चपला शोधू लागलेले असतात, आणि व्यासपीठावर कोणी कार्यकर्ता हातातल्या चिठ्ठीवरून मंडपवाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांची नावे घाईघाईने वाचीत असतो. आभार मानण्याला आपण सार्वजनिक जीवनात दिलेली जागा ती एवढीच. घरात तर तीही नाही. जवळच्या माणसाचे आभार मानले तर 'परके करता काय?' असा त्याला रागच येतो. त्यात गैर काही नाही. आपल्या घरांत कृतज्ञता शब्दांपेक्षा आग्रहाने वाढलेल्या पोळीतून अधिक व्यक्त होते. अडचण होते ती या दोहोंच्या मधल्या माणसांची. ती घरची नव्हेत आणि सभेचे अध्यक्षही नव्हेत.

तक्रारीचे तसे नाही. एस.टी.च्या स्थानकात तक्रारपुस्तक असते, कचेरीच्या भिंतीवर तक्रारपेटी असते, वृत्तपत्रात वाचकांच्या पत्रांचे सदर असते. हे योग्यच आहे. तक्रार करण्याचा हक्क नागरिकाने कदापि सोडता कामा नये. परंतु ज्याची नोंद करण्यास वही आहे तेवढेच जगात घडते, असा एक समज त्यातून नकळत रुजत जातो. कचेरीत दहा जण सरळ वागले आणि अकरावा वसकन अंगावर आला, तर संध्याकाळी आपण घरी घेऊन जातो तो अकराव्यालाच.

यावर कोणी म्हणेल की, त्या दहांनी विशेष ते काय केले? पगार कशाचा घेतात? पगार कामाचा असतो हे खरेच. पण काम कोठे संपते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. गिरणगावातून कोकणात आणि घाटावर मनिऑर्डरी जात त्या काळी पैसे मोजून देणे आणि सही किंवा साक्षीदारासमक्ष अंगठा घेणे, हे पोस्टमनचे काम होते. फॉर्मवर चाकरमान्याने लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखविणे हे त्याचे काम नव्हते. तरी तो पडवीत टेकून त्या वाचीत असे, आणि म्हातारीला उमजले नाही तर पुन्हा वाचीत असे. ते दुसरे वाचन टपाल खात्याच्या कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही.

संकट आले की मात्र आपली नजर निवळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यातून चालत निघालेल्या मुंबईकरांना अनोळखी घरांनी चहा, बिस्किटे आणि रात्रीपुरता आसरा दिला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकणे, दारातल्याची पिशवी हातोहात रॅकवर पोचविणे हे लोकलमध्ये त्याच्या आदल्या दिवशीही चालू होते, नंतरही चालू राहिले. त्यावर कोण लिहिणार?

हे सारे सुचण्याचे कारण खाजगी आहे. ई.बी.सी.च्या सवलतीखेरीज माझे महाविद्यालयीन शिक्षण होणे शक्य नव्हते. अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी मी खिडकीशी पोचलो, तो उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसील कचेरीचा शिक्काच नव्हता. तालुक्याचे गाव एस.टी.ने दोन तासांवर. अर्ज परत करून खिडकी लावून घेणे, एवढेच त्या लेखनिकांचे काम होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. 'लक्ष कुठे असते रे तुझे?' असे चार जणांदेखत खडसावले. मग अर्ज खणात ठेवीत म्हणाले, 'गठ्ठा उद्या दुपारी जायचा आहे. तोवर शिक्का घेऊन ये.'

दुसऱ्या दिवशी परतायला मला उशीर झाला. गठ्ठा बांधून झाला होता. त्यांनी दोरी सोडली, दाखला जोडला, अर्जावर मी मोकळी सोडलेली तारीख स्वतःच्या पेनने भरली आणि दोरी पुन्हा आवळली. मी आभार मानले नाहीत. कालच्या खडसावण्याचा राग मनात होता, आणि शेवटची गाडी गाठायची होती. उपकार गोड बोलूनच येतात असे नाही, हे त्या वयात ठाऊक नव्हते. ती गाठ सुटता सुटत नव्हती हे मला आज लख्ख आठवते. त्यांचे आडनाव आठवत नाही.

गेल्या वर्षी जुन्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत काढण्यासाठी त्याच खिडकीशी उभा राहिलो. आत आता संगणक आहे. त्यांच्याविषयी विचारावे तरी कोणाला आणि कोणत्या नावाने? एका तरुण लेखनिक मुलीने माझा अर्ज तपासला, पाठीमागचा रकाना मोकळा राहिल्याचे दाखविले आणि आपले पेन पुढे केले. मी रकाना भरला, पेन परत दिले आणि तिचे रीतसर आभार मानले. तिने चमकून वर पाहिले.

'आणखी काही काम राहिलंय का, काका?' तिने विचारले.